फुकटचं धान्य आणि वाटीतली डाळ: कमी पैशात घरात पौष्टिक खाणं कसं आणायचं

रेशनवर माणशी महिन्याला पाच किलो धान्य मिळतं. त्याला तीसनं भागा, रोजचे १६६ ग्रॅम येतात. एवढा तांदूळ शिजवून खाल्ला तर अंगाला साधारण पावणेसहाशे उष्मांक मिळतात. मोठ्या माणसाच्या गरजेचा तिसरा हिस्सासुद्धा नाही. शिवाय त्यात डाळ नाही, तेल नाही, भाजी नाही, अंडं नाही.

मी बीड जिल्ह्यातल्या एका गावात अंगणवाडी सेविका होते. पासष्टी झाली, मानधन थांबलं, पण बाया अजून घरी येऊन बसतात. त्यांचा प्रश्न ठरलेला: "ताई, रेशन तर घेतोय, मग पोराचं वजन का भरंना?" मी त्यांना सांगते तेच इथं लिहिते. रेशनमुळं धान्यावरचा जो पैसा वाचतो, तो डाळ, शेंगदाणे आणि अंड्यांकडं वळला तरच उपयोग. आणि उरलेलं अंगणवाडी, शाळा आणि दवाखान्याकडून मागून घ्यायचं. मागून म्हणजे हात पसरून नव्हे. २०१३ चा राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा आहे, त्यात हे सगळं लिहिलेलं आहे.

कार्ड आहे पण धान्य नाही

आधी कार्डाचं बघू, कारण सगळ्यात जास्त गोंधळ तिथंच. वार्षिक उत्पन्न १५ हजारांपर्यंत पिवळं, त्याच्या वर एक लाखापर्यंत केशरी, त्याच्याही वर पांढरं, हे सगळ्यांना पाठ आहे. पण धान्य नुसत्या रंगावर मिळत नाही. आपल्या राज्यात १ फेब्रुवारी २०१४ पासून नवा कायदा लागू झाला आणि दोन याद्या झाल्या. एक अंत्योदय: घरात दोन माणसं असोत नाहीतर आठ, कार्डाला ३५ किलो. दुसरी प्राधान्य कुटुंब: माणशी पाच किलो. प्राधान्यासाठी उत्पन्नाची मर्यादा गावात वर्षाला ४४ हजार आणि शहरात ५९ हजार. म्हणजे दोन शेजारणींचं कार्ड केशरीच, पण एकीला धान्य मिळतं आणि दुसरीचं कार्ड फक्त दाखल्यापुरतं, असं होऊ शकतं.

तुमचं कार्ड कुठल्या यादीत आहे ते दुकानदाराच्या मशीनवर कळतं. बारा आकडी आरसी नंबर, म्हणजे रेशन कार्डाचा नंबर, टाकायला लावा आणि विचारा, "किती युनिट दाखवतं?" युनिट म्हणजे माणसं. प्राधान्य कार्ड, घरात सहा जण आणि मशीनवर चार युनिट, म्हणजे दर महिन्याला दहा किलो धान्य वाऱ्यावर चाललंय.

ही युनिटं कुठं गळतात तेही ठरलेलं आहे. पहिली सून. लग्न होऊन वर्षं झाली, लेकरं झाली, तरी तिचं नाव माहेरच्या कार्डावरच असतं. माहेरच्या तहसीलमधून नाव कमी केल्याचा दाखला आणायचा, मग सासरच्या कार्डावर चढवायचं. आमच्याकडं बाया दिवाळीला माहेरी जातात तेव्हाच हे काम करायला मी सांगायचे, पण तहसीलला सुट्टी लागायच्या आत. दुसरं गळतं ते लेकरू. जन्माचा दाखला आणि आधार काढलं की नाव चढतं, पण घरचे म्हणतात शाळेत गेल्यावर बघू. पाच-सहा वर्षं त्या पोराच्या वाटणीचे पाच-पाच किलो गेले की नाही? तिसरी गळती आता ई-केवायसीची, म्हणजे आधारशी ओळख पटवून घ्यायची. कार्डावरच्या प्रत्येकाची झाली पाहिजे, नुसत्या कर्त्या माणसाची नाही. पुण्याला कामाला गेलेला मुलगा तिथल्या रेशन दुकानातही करू शकतो, त्याला गावी बोलवायची गरज नाही.

आणि एक. कायद्यानं घरातली अठरा वर्षांवरची सगळ्यात मोठी बाई ही कुटुंबप्रमुख धरायची असते. जुन्या कार्डावर सासऱ्याचंच नाव असेल तर बदलून घ्या. त्यानं धान्य वाढत नाही, पण कार्ड कुणाच्या ट्रंकेत राहतं यानं बराच फरक पडतो.

प्राधान्य यादीत नावच नसेल तर तहसीलच्या पुरवठा शाखेत अर्ज करा. मुंबई-ठाण्याकडं शिधावाटप कार्यालय. सोबत उत्पन्नाचा दाखला, सगळ्यांचे आधार आणि असलेलं कार्ड. तिथं बहुतेक वेळा एकच उत्तर मिळतं: "इष्टांक शिल्लक नाही." हे खोटं नसतं. राज्याला साधारण सात कोटी माणसांचा कोटा ठरवून दिलेला आहे आणि तो २०११ च्या जनगणनेवर बेतलेला आहे. पण इष्टांक कायमचा भरलेला राहत नाही. माणसं मरतात, मुली सासरी जातात, काही कुटुंबं गाव सोडतात, नावं कमी होतात तशा जागा सुटतात. जागा सुटेल तेव्हा तुमचा अर्ज तिथं असला पाहिजे. म्हणून अर्ज लेखी द्यायचा आणि पोच घ्यायची, शिक्का आणि आवक क्रमांकासकट. खिडकीपाशी उभं राहून तोंडी सांगितलं तर तो अर्ज नव्हे. यादीत मेलेल्यांची आणि गाव सोडून गेलेल्यांची नावं तशीच असतील तर ग्रामसभेत बोला.

आमच्या मराठवाड्यात आणखी एक प्रकार आहे. शेतकऱ्यांच्या आत्महत्या जास्त झालेल्या १४ जिल्ह्यांत, म्हणजे मराठवाडा, अमरावती विभाग आणि वर्धा, केशरी कार्डवाल्या शेतकऱ्यांना आधी स्वस्त धान्य मिळायचं. २०२३ पासून त्याच्याऐवजी माणशी महिन्याला पैसे खात्यात टाकायचं ठरलं, सुरुवात १५० रुपयांनी झाली. तुम्ही त्यात बसत असाल तर पैसे कुठल्या खात्यात पडतात ते बँकेत जाऊन बघा. जुन्या, विसरलेल्या खात्यात ते पडत राहिलेले मी पाहिलेत.

दुकानावर

जानेवारी २०२३ पासून अंत्योदय आणि प्राधान्य दोन्हींचं धान्य पूर्ण मोफत आहे आणि जानेवारी २०२४ पासून पुढं पाच वर्षं ते तसंच राहील असं केंद्र सरकारनं जाहीर केलंय. त्यामुळं धान्यासाठी कुणी हमाली, गाडीभाडं म्हणून दहा-वीस मागितले तर द्यायचे नाहीत. थंब दिला की मशीनमधून पावती निघते, ती मागून घ्या. पावतीवर किलो लिहिलेले असतात. गहू किती आणि तांदूळ किती हे मधूनमधून बदलतं, कधी ज्वारीही येते, पण बेरीज माणशी पाचच्या, अंत्योदयला कार्डामागं ३५ च्या, खाली यायला नको.

ऊस तोडून, भांडी घासून बायांच्या बोटांच्या रेषा झिजतात, थंब लागत नाही. अशा वेळी कार्डावरच्या दुसऱ्या कुणाचाही थंब चालतो. आधारला मोबाईल जोडलेला असेल तर ओटीपी येतो. "थंब लागत नाही, पुढच्या महिन्यात या" हे ऐकून परत फिरायचं नाही, कारण बहुतेकदा या महिन्याचं धान्य पुढच्या महिन्यात मिळत नाही. दुकानदार ऐकत नसेल तर १९६७ किंवा १८००-२२-४९५० या नंबरवर फोन करा, पैसे लागत नाहीत. तक्रारीचा क्रमांक लिहून ठेवा. गावात दक्षता समिती असते, निदान कागदावर तरी. जिल्ह्याला तक्रार निवारण अधिकारी असतो. धान्य दिलंच नाही तर त्याबदल्यात अन्न सुरक्षा भत्ता द्यायची तरतूदही कायद्यात आहे, पण ती लेखी तक्रार असेल तरच कामाला येते.

ऊसतोडीला जाणाऱ्यांसाठी: कार्ड गावचं असलं तरी धान्य कुठल्याही जिल्ह्यात, कुठल्याही राज्यात उचलता येतं. अर्धं फडाजवळच्या दुकानातून तुम्ही आणि अर्धं गावी म्हातारा-म्हातारीनं, असंही चालतं. फक्त आधीच ठरवून घ्या. एकानं सगळं उचललं की दुसऱ्याच्या मशीनवर शून्य दिसतं.

प्लॅस्टिकचा तांदूळ

तांदूळ धुताना काही दाणे वर तरंगतात, रंगाला जरा वेगळे दिसतात, बोटानं दाबले तर पिठूळ होतात. बाया ते वेचून कोंबड्यांना टाकतात, कारण गावभर एकच बोलणं: प्लॅस्टिकचा तांदूळ आलाय. तो प्लॅस्टिकचा नाही. तांदळाच्याच पिठात लोह, फॉलिक ॲसिड आणि बी-१२ मिसळून ते दाणे तयार करतात आणि साधारण शंभर दाण्यांत एक या हिशेबानं घालतात. २०२१ मध्ये घोषणा झाली आणि मग टप्प्याटप्प्यानं रेशन, शाळा आणि अंगणवाडीच्या तांदळात ते येत गेले. वेचून टाकू नका. तांदूळ चार-चार पाण्यांनी चोळू नका आणि शिजल्यावर पाणी निथळू नका, बेतानं पाणी घालून मुरवा. घरात कुणाला सिकलसेल किंवा थॅलेसेमिया असेल तर मात्र दवाखान्यात विचारून घ्या.

आमच्या भागात जेवण म्हणजे ज्वारी-बाजरीची भाकरी. भात सणावाराला. म्हणून रेशनचा तांदूळ साठतो आणि मग दारावर तराजू घेऊन येणाऱ्याला जातो. सगळ्यांना माहीत आहे, बोलत कुणी नाही. तो विकणं बेकायदा आहे, कार्डावरही बालंट येऊ शकतं. त्याहून मला दुसरंच खटकतं: त्या पैशात ज्वारी येत नाही, चहापत्ती आणि साखर येते. तांदूळ विकण्यापेक्षा खपवायचा कसा ते बघा. तीन वाट्या तांदूळ, एक वाटी उडीद किंवा हरभऱ्याची डाळ भिजवून वाटायची, रात्रभर ठेवायची, सकाळी धिरडी. लहान पोरं भाकरीपेक्षा ती लवकर खातात. खिचडीतही तीनास एक हेच माप. धान्य आणि डाळ एकत्र पोटात गेली की दोन्हीतली प्रथिनं अंगाला नीट लागतात. नुसता भात-मीठ खाल्ल्यावर ते होत नाही.

अंगणवाडीतून काय घ्यायचं

माझं अर्धं आयुष्य इथं गेलं, त्यामुळं जरा सविस्तर सांगते.

दिवस राहिल्याचं कळलं की त्याच महिन्यात अंगणवाडीत नाव घाला. पाच महिने लपवून ठेवायची आपल्याकडं पद्धत आहे, दृष्ट लागू नये म्हणून. ते पाच महिने आहारही बुडतो आणि लोहाच्या गोळ्याही. गरोदर बाई, बाळ सहा महिन्यांचं होईपर्यंत बाळंतीण आणि सहा महिने ते तीन वर्षांचं मूल, यांना घरी न्यायचा आहार मिळतो, त्याला सगळे टीएचआर म्हणतात. तीन ते सहा वर्षांच्या पोरांना अंगणवाडीतच नाश्ता आणि गरम जेवण. वर्षातले ३०० दिवस हे मिळायला हवं. दारिद्र्यरेषेचं कार्ड लागत नाही, जातीची अट नाही. बाहेरगावाहून कामाला आलेल्यांच्या मुलांनाही मिळतं. वीटभट्टीवर, फडावर असाल तर जवळच्या अंगणवाडीत जाऊन सांगा. आता नाव पोषण ट्रॅकर या सरकारी ॲपवर चढतं आणि मोबाईलवर चेहरा टिपून मग पाकीट देतात. नेटवर्क नसलं तर सेविकेवर चिडू नका, तिच्या हातात काही नसतं.

पाकिटांची चव हा खरा वांधा. कितीतरी पाकिटं शेळीपुढं गेलेली मी पाहिलीत, आणि त्या आईला दोष द्यावासा वाटला नाही. पाण्यात कालवून उकळलं तर मलाही ते गिळवत नाही. पण असं करून बघा. खिचडीचं मिश्रण असेल तर लोखंडी कढईत चमचाभर तेलावर जिरं, लसूण आणि हळद टाकून ते आधी कोरडंच भाजा, वास सुटेपर्यंत. मग गरम पाणी, मूठभर चिरलेली तांदुळजा किंवा शेवग्याची पानं, आणि खाली उतरवल्यावर लिंबू. गोड पीठ असेल तर तव्यावर भाजून त्यात शेंगदाण्याचं कूट घालून लाडू वळा, गुळाच्या पाण्यानं. दोन दिवस टिकतात. सहा-सात महिन्यांच्या बाळाला अर्थातच पातळ, पण इतकं पातळ नको की चमच्यावरून पाण्यासारखं ओघळेल.

पाकीट एका लेकरासाठी असतं आणि घरात तिघं असतात, मग वाटणी होते. होणारच. तेव्हा ज्याच्या नावचं आहे त्याला आधी, एवढं तरी पाळा.

दर महिन्याला वजन-उंची करून घ्या आणि आकडा विचारा. "बरं आहे" हे उत्तर नाही. किती किलो भरलं, मागच्या महिन्यात किती होतं, श्रेणी कुठली? सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा दंडघेर साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली असेल तर ते सॅम, म्हणजे तीव्र कुपोषित. साडेअकरा ते साडेबारा मॅम, म्हणजे मध्यम कुपोषित. पट्टीवर लाल-पिवळा रंगच असतो. सॅम असून खाणं-पिणं ठीक असेल तर गावातल्या ग्राम बाल विकास केंद्रात जादा आहार मिळतो. खात नसेल, ताप, सूज, जुलाब असतील तर उपजिल्हा किंवा जिल्हा रुग्णालयातल्या एनआरसीत, म्हणजे पोषण पुनर्वसन केंद्रात, भरती करतात, साधारण चौदा दिवस. आईला सोबत राहता येतं, तिला जेवण आणि बुडालेल्या मजुरीचा काही मोबदलाही मिळतो. बाया नको म्हणतात कारण घरी दुसरी लेकरं, गुरं. तेव्हा सासूला, जावेला मी स्वतः जाऊन गळ घालायचे. ते चौदा दिवस टाळू नका.

आदिवासी भागात याहून जास्त मिळतं. माझी नणंद अकोले तालुक्यात मदतनीस आहे. तिथं डिसेंबर २०१५ पासून अमृत आहार योजना चालते: गरोदर आणि स्तनदा मातांना अंगणवाडीत बसवून एक वेळचं पूर्ण जेवण, भाकरी, भात, डाळ, पालेभाजी, गूळ-शेंगदाण्याचा लाडू, अंडं किंवा केळं. लहान मुलांना आठवड्यातून चार दिवस अंडं किंवा केळं. तिचं म्हणणं, जेवण घरी न्यायला देऊ नये, बाईनं तिथंच बसून खावं. घरी नेलं की तिच्या वाट्याला उरतं किती ते आपल्याला माहीतच आहे. मला ते पटतं.

पैशाचं म्हणाल तर प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पहिल्या बाळंतपणाला पाच हजार, तीन आणि दोन हजार अशा दोन हप्त्यांत. दुसरं मूल मुलगी असेल तर सहा हजार एकदम. खातं बाईच्या स्वतःच्या नावचं आणि आधारशी जोडलेलं हवं. नवऱ्याचं खातं दिल्यामुळं अडकलेले अर्ज किती सांगू.

शाळा

पहिली ते आठवीपर्यंत सरकारी आणि अनुदानित शाळेत दुपारचं जेवण. पाचवीपर्यंतच्या मुलाला रोज ४५० उष्मांक आणि १२ ग्रॅम प्रथिनं, पुढं आठवीपर्यंत ७०० आणि २० ग्रॅम, असा नियम. डाळ लहानाला २० ग्रॅम, मोठ्याला ३०. पालकानं कधीही जाऊन चव घेऊन बघावी, त्यात वावगं काही नाही. डाळ पातळ वाटली तर शाळा व्यवस्थापन समितीत बोलावं. स्वयंपाकिणीवर ओरडू नये, तिला जिन्नस मोजून मिळतो आणि मानधन तुटपुंजं.

वाचलेल्या पैशाचं काय

आता मुद्द्याचं. पाच माणसांच्या घरात पंचवीस किलो धान्य फुकट आलं. ते बाजारात घ्यायला किती गेले असते तो आकडा महिन्याच्या सुरुवातीला बाजूला काढा, त्यातनं फक्त चार गोष्टी घ्या: डाळ-कडधान्य, शेंगदाणे, तेल, अंडी. लाडक्या बहिणीचे १५०० येत असतील तर त्यातलेही काही इकडं. चारशे-पाचशे जरी निघाले तरी ताट बदलतं.

तूरडाळ महाग असेल तर तिच्यावर अडून बसू नका. मसूर, मटकी, हुलगे बहुतेक वेळा स्वस्त पडतात आणि प्रथिनांत कमी नाहीत. हुलग्याला गरिबाचं, बैलाचं खाणं म्हणून नवी पोरं नाक मुरडतात, पण शंभर ग्रॅममध्ये बाविसेक ग्रॅम प्रथिनं आहेत. माडगं करा, शेंगोळे करा. मटकीला मोड आणून घ्या. गहू दळताना चार किलोला अर्धा किलो हरभरा आणि पाव किलो सोयाबीन मिसळा. सोयाबीन आधी भाजून घ्या, नाहीतर पिठाला कडवट वास येतो. पोळी तशीच लागते, घरच्यांना सांगितलं नाही तर कळतही नाही.

अंडं एक म्हणजे सहा ग्रॅम प्रथिनं. रोज सगळ्यांना परवडत नाही. मग आधी गरोदर बाई, मग पाच वर्षांखालचं लेकरू, मग वयात आलेली मुलगी. नवऱ्याला शेवटी. यावरून घरोघरी वाद होतात, होऊ द्या.

पालेभाजीला पैसे घालायची फार गरज नाही. पावसाळ्यात बांधावर तांदुळजा, घोळ, पाथरी फुकट असते. शेवग्याची एक फांदी न्हाणीच्या सांडपाण्यावर लावली तर बारा महिने पानं. भाजीवर लिंबू पिळा, लोह अंगी लागतं. जेवणाला लागून चहा नको, तो लोह अडवतो. पुडीतली बिस्किटं आणि कुरकुरे पोरांच्या हातात देणं बंद केलं तरी आठवड्याची अंडी निघतात, हिशेब करून बघा.

सणाच्या किटवर विसंबू नका. २०२२ च्या दिवाळीत १०० रुपयांत रवा, हरभरा डाळ, साखर आणि पामतेल मिळालं, बरं वाटलं. पण तशा योजना येतात आणि जातात. वर सांगितलेलं धान्य, टीएचआर आणि शाळेचं जेवण कायद्यातलं आहे, त्याच्यामागं लागा.

तालुक्याला अर्ज घेऊन जाल त्या दिवशी मजुरी बुडते आणि खिडकीवर दुपार होते. शिवभोजन केंद्र जवळ असेल तर दहा रुपयांत दोन चपात्या, भाजी, वरण आणि भात मिळतो, २०२० पासूनची योजना आहे. केंद्र चालू आहे का ते आधी विचारून घ्या, आणि तरीही पिशवीत भाकरी असू द्या.